‘पेपर विकला गेला’: मराठवाड्यातील वृत्तपत्रमालकांवरील रोषाची पार्श्वभूमी

मराठवाड्यात एखाद्या दैनिकावर किंवा वाहिनीवर लोक चिडले की ‘पेपर विकला गेला’ एवढेच म्हणतात. या वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात. एक पैशाची: मालकाचे इतर धंदे आणि त्याची बातमी एकमेकांत गुंतलेली आहेत, अशी. दुसरी नजरेची: लिहिणारा आपल्याकडे वरून पाहतो, अशी. या तक्रारींचा उगम एक नाही आणि नजरेची तक्रार पैशाच्या तक्रारीहून जुनी आहे.

निजामाच्या राज्यात मराठी वृत्तपत्र चालवणे हे घरचे पैसे घालून करायचे काम होते. १९३८ साली निघालेले एक साप्ताहिक बंदी आली की नवे नाव घेऊन पुन्हा निघत असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपल्यानंतरही इथल्या वाचकाच्या मनात पत्र चालवणारा माणूस तुरुंगात जाऊन आलेला होता, धनिक नव्हता. ब्रिटिश मुलखातली गोष्ट निराळी होती. ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत सुरू झालेल्या एका पाक्षिकाने पहिल्याच अंकात म्हटले होते की बहुतेक वृत्तपत्रे विशिष्ट जातींचेच हितसंबंध पाहतात. त्याच पाक्षिकाची जाहिरात पुण्याच्या एका अग्रगण्य पत्राने पैसे देऊ केले असतानाही नाकारली होती. ती तक्रार मराठवाड्यात उघडपणे पोहोचायला आणखी बरीच वर्षे जावी लागली.

पैशाच्या तक्रारीची मुळे मात्र एका कायद्यात आणि त्याच्या शेवटात आहेत. या प्रकरणाची आठवण आज फारशी कोणाला नसल्याने ते येथे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. १९५४ साली पहिल्या वृत्तपत्र आयोगाने दाखवून दिले की देशातील पंधरा मालकांच्या हाती ५४ वृत्तपत्रे आणि एकूण खपाचा सुमारे निम्मा वाटा होता. मोठा मालक इतर धंद्यांतल्या नफ्याच्या आणि जाहिरातींच्या जोरावर जास्त पाने कमी किमतीत देतो, त्यापुढे छोटे पत्र टिकत नाही, असे आयोगाचे निदान होते. त्यावर १९५६ मध्ये किंमत आणि पाने यांची सांगड घालणारा कायदा झाला आणि १९६० च्या आदेशाने तो अमलात आणण्याचे ठरले. ज्या किमतीला अंक विकायचा त्या किमतीला ठरावीक पानांपेक्षा जास्त पाने द्यायची नाहीत, जाहिरातींची जागाही मर्यादेत ठेवायची, असे त्याचे स्वरूप होते.

हा कायदा सर्वोच्च न्यायालयात नेला तो दिल्ली-कलकत्त्याच्या बड्या भांडवलदाराने नव्हे. पुण्याच्या एका मराठी दैनिकाने तो नेला आणि त्याच्या दोन वाचकांनीही स्वतंत्र याचिका केल्या. ते दैनिक सात नव्या पैशांना विकले जाई आणि आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून चौतीस पाने देई. नव्या आदेशानुसार तेवढीच पाने द्यायची तर किंमत आठ नवे पैसे करावी लागणार होती. किंमत वाढली तर वाचक तुटणार आणि पाने घटवली तर मजकूर तुटणार, असा त्यांचा युक्तिवाद होता. पाच न्यायाधीशांच्या पीठाने २५ सप्टेंबर १९६१ रोजी तो मान्य केला. छोट्यांना वाढू द्यायचे म्हणून मोठ्यांचा खप रोखता येत नाही, आणि व्यापारावर जसे ‘सार्वजनिक हितासाठी’ निर्बंध घालता येतात तसे अभिव्यक्तीवर घालता येत नाहीत, असे न्यायालयाने सांगितले.

तत्त्व म्हणून हा निकाल भक्कम आहे. पाने मोजण्याचा अधिकार हाती आलेले सरकार उद्या मजकूर मोजू लागेल, ही भीती खरी होती. परंतु या तत्त्वाची किंमत लातूर, परभणी, बीड, नांदेड येथील जिल्हा दैनिकांनी मोजली, ही बाजू निकालाचे कौतुक करताना सहसा मांडली जात नाही. हाताने खिळे जुळवून ट्रेडल यंत्रावर चार पाने काढणारे दैनिक, एस.टी.च्या टपावरून पहाटे उतरणाऱ्या बारा पानी अंकाच्या गठ्ठ्यांशी किमतीत स्पर्धा करू शकणारच नव्हते. त्यात रद्दीचा हिशेब असतो. जास्त पानांचा अंक वजनाला जास्त भरतो आणि वर्षाची रद्दी विकली की वर्गणीचा मोठा भाग घरात परत येतो. गृहिणीला हे गणित कोणी शिकवावे लागत नाही. ज्या पत्रात गावचा बाजारभाव आणि पंचायत समितीची बैठक छापून येई, ते रद्दीच्या तराजूवर हलके पडले.

३० ऑक्टोबर १९७२ रोजी दहा पानांची सरकारी मर्यादाही न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने रद्द केली. एका न्यायाधीशांनी भिन्नमत नोंदवून अभिव्यक्तिस्वातंत्र्यात समाजाचा ऐकण्याचा हक्कही येतो असे म्हटले. मराठवाडा तेव्हा दुष्काळाच्या कामांवर खडी फोडत होता. पानांची चर्चा इथे कोणाच्या कानी पडली नाही. १९८२ मध्ये दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाने किंमत-पान सूत्र पुन्हा सुचवले आणि वृत्तपत्रे इतर उद्योगांपासून वेगळी करावीत असेही म्हटले. त्यावर कायदा झाला नाही.

नजरेच्या तक्रारीचा स्फोट त्याआधीच झाला होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला आणि त्यानंतर गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. मुक्तिसंग्रामातून आलेल्या, विभागात सर्वांत विश्वासार्ह मानल्या जाणाऱ्या दैनिकाने नामांतराला विरोध केला आणि प्रादेशिक अस्मितेची भाषा वापरली. त्या पत्रामागे गिरणी किंवा कारखाना नव्हता. तरीही ज्यांची घरे जळाली त्यांच्या दृष्टीने ते ‘प्रस्थापितांचे’ पत्र ठरले. तेव्हाच्या लेखनातून दिसणारा फरक असा की संपादकाला ‘मराठवाडा’ या नावात स्वतःचा लढा दिसत होता आणि त्याच नावाखाली गावकुसाबाहेर राहणाऱ्याला काय मिळाले हा प्रश्न त्याला दुय्यम वाटत होता. १४ जानेवारी १९९४ रोजी प्रश्न सुटला तो ‘नामांतर’ न म्हणता ‘नामविस्तार’ म्हणून. दोन्ही नावे एकत्र ठेवणारा हा शब्द तडजोडीचा होता, आणि सोळा वर्षे लढलेल्यांपैकी अनेकांना तो अपुरा वाटला.

दोन्ही तक्रारी एकत्र येऊ लागल्या त्या १९७८ नंतरच्या काळात. १९८२ मध्ये विदर्भातील एका समूहाने औरंगाबादेत आवृत्ती काढली. २०११ मध्ये एका हिंदी साखळीनेही आपले मराठी दैनिक याच शहरातून सुरू केले. घरोघरी जाऊन वर्षाची वर्गणी गोळा करणे, सोबत भेटवस्तू देणे ही रीत रुळली. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच मजकुराचे कौतुकलेख वेगवेगळ्या दैनिकांत छापून आले आणि ‘पेड न्यूज’ हा शब्द नांदेड जिल्ह्यातील एका मतदारसंघामुळे देशभर पोहोचला. त्या मतदारसंघातील संबंधित उमेदवाराला निवडणूक खर्चाबाबत जुलै २०१४ मध्ये बजावलेली नोटीस त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. मजकूर एकसारखा कसा झाला, याचा पटेल असा खुलासा वाचकाला मात्र कोणत्याच मालकाने दिला नाही.

शेतकऱ्याचा राग या सगळ्यापेक्षा साध्या शब्दावर आहे, आणि तो शब्द ‘दिलासा’ हा आहे. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या आसपास गेली तेव्हा शहरी दैनिकांनी पहिली पाने भरली. २०१७ मध्ये तूर अमाप पिकली, बाजारातले भाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये असलेल्या हमीभावाखाली गेले, खरेदी केंद्रांवर बारदाना संपला, ट्रॅक्टर दिवसेंदिवस रांगेत उभे राहिले आणि २२ एप्रिलला खरेदी थांबली. भाव पडणे म्हणजे ‘ग्राहकांना दिलासा’ असे लिहिणाऱ्याच्या मनात ग्राहक कोण आहे आणि कोण नाही, हे लातूरच्या अडत बाजारात उभ्या असलेल्या माणसाला बरोबर कळते. येथे मालकाने आदेश द्यावा लागत नाही. ज्याच्या घरी तूर पिकत नाही तोच मथळा लिहितो.

२०१४ मध्ये आणि पुन्हा २०२२ च्या अखेरीस देशातील सर्वांत श्रीमंत घराण्यांनी मोठे वाहिनीसमूह ताब्यात घेतल्यावर ‘गोदी मीडिया’ (सत्तेच्या मांडीवर बसलेली माध्यमे) हा हिंदीतला शब्द इथल्या गावांतही रुळला. तो शब्द ज्यांच्यासाठी आहे ते मालक कोणत्याही तालुक्याला दिसत नाहीत. तिथे दिसतो तो वार्ताहर. त्याला बहुधा ठरलेला पगार नसतो. नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती आणून मिळणाऱ्या कमिशनवर तो घर चालवतो, आणि मोर्चात, बाजार समितीत लोक जाब विचारतात तो त्यालाच. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याच्या विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये, तुरीची केंद्रे बंद होण्याच्या दोन आठवडे आधी, कायदा मंजूर केला. त्यात हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. त्या वार्ताहराला पगार किती आणि कोणी द्यावा, याविषयी त्यात काही नाही.