‘वर पाठवलं आहे’ (मोठ्या कंपनीतला कामगारांचा हिरमोड)

चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर ह्या जिल्ह्यांत कोळसा खाणीत, पॉवर स्टेशनमध्ये, सिमेंट किंवा कागदाच्या कारखान्यात काम करणाऱ्या कोणत्याही माणसाला विचारा, ‘वर पाठवलं आहे’ हे वाक्य त्यानं शंभरदा ऐकलेलं असतं. त्यानं कामातली एखादी सुधारणा सुचवलेली असते, साहेबांनी ऐकून मान हलवलेली असते, मग पावसाळा जातो, दिवाळी जाते, साहेबांची बदली होते आणि उत्तर काही येत नाही. असं तीन-चार वेळा झालं की माणूस सुचवणंच सोडून देतो. आपल्या कंपनीत नवीन काही होणार नाही आणि वरच्यांना त्याचं काही वाटतही नाही, ही भावना मग मनात पक्की बसते, तिलाच ह्या नोंदीत हिरमोड म्हटलं आहे. मॅनेजमेंटच्या अभ्यासात ह्याच्या जवळची कल्पना २००० साली एलिझाबेथ मॉरिसन आणि फ्रान्सिस मिलिकन ह्या संशोधिकांनी मांडली, तिला मराठीत ‘संस्थेतलं मौन’ म्हणता येईल, म्हणजे अडचण सगळ्यांना दिसते पण सांगून उपयोग नाही किंवा सांगितलं तर आपल्यालाच त्रास होईल असं वाटून सगळे गप्प राहतात.

पगाराची तक्रार ही वेगळी गोष्ट. पगारासाठी युनियन आहे, बोनससाठी गेटवर सभा होते, नारे लागतात. पण ‘हे मशीन असं बसवलं तर बरं चालेल’ हे सांगायला माणसानं कुठं जायचं? त्यासाठी नारा नाही.

शेतातला माणूस कारखान्यात

इथला कामगार बहुतेक शेतकऱ्याच्या घरातला असतो, हे लक्षात घेतल्याशिवाय विदर्भातला हा हिरमोड नीट कळत नाही. घरी वखराची पास बोथट झाली तर तो संध्याकाळी लोहाराकडं जाऊन ठोकून आणतो, तिफणीच्या चाड्यातून दाणा जास्त पडत असेल तर चिंधी कोंबून किंवा भोक लहान करून सकाळी परत पेरायला लागतो, चुकलं तर दुसऱ्या दिवशी बदलतो. सुचलं, केलं, पाहिलं, एवढाच रस्ता. तोच माणूस कंपनीत आला की त्याच्या हाताला सुचलेली गोष्ट पाच टेबलांवरून जाते, सुपरवायझर, शिफ्ट इन्चार्ज, विभागप्रमुख, प्लँटचा मोठा साहेब आणि शेवटी मुंबई, दिल्ली नाहीतर कोलकात्याचं हेड ऑफिस, जिथं बसलेल्या माणसानं ते मशीन कधी पाहिलेलंही नसतं.

एक प्रसंग मी जवळून पाहिलेला आहे. विदर्भातल्याच एका कारखान्यात मी काही वर्षं होतो, तिथं एक बेल्ट दुसऱ्या बेल्टवर माल टाकायचा त्या चुटीजवळ माल सतत सांडायचा, आणि प्रत्येक शिफ्टला दोन माणसं तोंडाला दुपट्टा बांधून, धुळीत, चालत्या बेल्टच्या बाजूला उभी राहून तो फावड्यानं परत वर टाकायची. त्यातला एक जण ठेकेदाराकडचा होता, सातवी शिकलेला. त्यानं वहीच्या पानावर चित्र काढलं, जुन्या फाटलेल्या बेल्टचे पट्टे कापून चुटीच्या दोन्ही बाजूंना कसे लावायचे ते, मापं इंचात लिहिली, बोल्टची भोकंसुद्धा दाखवली. सामान भंगारातलंच होतं, खर्च जवळपास नाही. इंजिनीअर साहेबांनी पान पाहिलं, चांगलं आहे म्हणाले, आणि मनापासून म्हणाले, पान वर पाठवलं. आणखी एक पान त्यानं गेटजवळच्या सजेशन बॉक्समध्ये पण टाकलं. दीड वर्षानं ऑडिट होतं म्हणून रंगकाम निघालं तेव्हा ती पेटीही निळी रंगवली, फटीसकट, रंग वाळला आणि फट बुजली, कोणी उघडायला आलं नाही कारण किल्ली कोणाकडं आहे हेच माहीत नव्हतं. त्याला मी म्हटलं की आपण परत एकदा साहेबांना भेटू, तर तो म्हणाला, “जाऊ दे ना भाऊ, आपल्याले फावडं मारा लागते, मारू.” तो चिडून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

नकार आला म्हणून माणूस एवढा खचत नाही. ‘हे होणार नाही, कारण अमुक’ असं कोणी तोंडावर सांगितलं तर तो वाद घालतो, दुसरं काही सुचवतो. उत्तरच आलं नाही की मग त्याला वाटतं आपण बोललो ते कोणाच्या कानावरच गेलं नाही. ठेक्यावरच्या माणसाचं तर आणखी कठीण, कारण त्याचा मालक ठेकेदार आणि मशीन कंपनीचं, त्यामुळे त्याची सूचना नक्की कोणी वाचायची हेच ठरलेलं नसतं.

मधल्या साहेबांचीही घुसमट असते हे सांगायला पाहिजे. ज्युनियर इंजिनीअरच्या हातात खर्चाचे अधिकार थोडे, उत्पादनाचं टार्गेट डोक्यावर, आणि नवीन काही करताना मशीन बंद पडलं तर नाव त्याचंच येणार, जुन्या पद्धतीनं बंद पडलं तर कोणी विचारत नाही. त्यात काही वर्षांनी बदली होते, नवीन साहेब आले की आधीच्या साहेबांची फाईल त्यांची राहत नाही.

जगात हे कसं झालं

सूचना मागवायची पद्धत जुनी आहे. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत ती १८९८ पासून होती. जपानमध्ये टोयोटानं १९५१ साली सुरू केली, १९६२ पासून जपानमध्ये क्वालिटी सर्कल आली, म्हणजे एका कामावरची सात-आठ माणसं आठवड्यातून एकदा बसून आपल्याच कामातली अडचण सोडवतात. भारतात १९८०च्या सुमारास भेल ह्या वीजयंत्रं बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या हैदराबादच्या कारखान्यातून ही सर्कल पसरली. टोयोटात सूचनांची पद्धत टिकली, ह्याचं कारण मला एकच महत्त्वाचं वाटतं, तिथं जवळचा साहेबच लहान सूचनेला लगेच हो किंवा नाही म्हणू शकतो, पान हेड ऑफिसला जावं लागत नाही.

पण पेटी असून भागत नाही, हेही कोडॅकनंच दाखवलं. त्यांच्या स्टीव्हन सॅसन ह्या तरुण इंजिनीअरनं १९७५ साली डिजिटल कॅमेरा बनवला, सुमारे ३.६ किलो वजनाचा, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायची. कंपनीचा मुख्य पैसा फिल्ममधून येत होता, बिनफिल्मचा कॅमेरा वरच्यांना पुढं न्यावासा वाटला नाही, आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. बेल्टचा पट्टा लावायची सूचना आळसामुळे अडते, पण कंपनीच्या मुख्य धंद्यालाच धक्का देणारी सूचना भीतीमुळे अडते, आणि दुसरी अडवणूक जास्त महागात पडते.

आपल्याकडं ह्याचं मोठं उदाहरण एचएमटी. १९५३ साली बंगळूरला सुरू झालेल्या ह्या सरकारी कंपनीनं १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं घड्याळं बनवली, लग्नात जावयाला एचएमटी देणं हा मान होता. क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं घड्याळ पण त्यांनी काढलं होतं, तरी भर चावीच्या घड्याळांवरच राहिला, १९८४ साली स्थापन झालेली टायटन कंपनी क्वार्ट्झ घेऊन बाजारात उतरली आणि मोठ्या कंपनीला मागं टाकून गेली. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला.

ह्या घड्याळाचं नाव चंद्रपूर जिल्ह्यात मात्र धानाच्या रूपात राहिलं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, दीड एकराचे शेतकरी, शाळा जेमतेम झालेली, त्यांना १९८३च्या सुमारास आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या सापडल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या लावल्या, वर्षामागून वर्ष निवडत गेले, बारीक आणि चवीला चांगला तांदूळ निघाला, आणि त्या वेळी एचएमटी घड्याळाचा बोलबाला होता म्हणून तेच नाव पडलं. त्यांना कोणाची मंजुरी लागली नाही म्हणून ते झालं, असं मला मनापासून वाटतं. पण श्रेयाच्या बाबतीत त्यांच्याही वाट्याला तेच आलं, पुढं पंजाबराव कृषी विद्यापीठानं (पीकेव्ही) ‘पीकेव्ही एचएमटी’ नावानं वाण बाहेर काढला आणि आपलं नाव नाही ही खंत त्यांना राहिली. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्सनं देशातल्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत घेतलं, ३ जून २०१८ ला ते गेले.

वरची माणसं पुढं पाहणारी असली तर मोठी कंपनीही हलते, हेही विदर्भानं पाहिलं आहे. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी रिंग फ्रेम ह्या सूत कातायच्या नव्या यंत्रावरचं सूत फार लवकर करून पाहिलं, म्युल ह्या जुन्या यंत्रावरच अडून बसले नाहीत.

कायदा काय सांगतो

१९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी वर्क्स कमिटीची, म्हणजे मालक आणि कामगार दोघांची माणसं असलेल्या समितीची तरतूद होती, ती २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही ठेवली आहे. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं कलम ४३-क आलं, व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा म्हणून, पण ते मार्गदर्शक तत्त्व, कोर्टात जाऊन मागता येत नाही. खाणीत आणि बॉयलरवर सुरक्षेचे नियम कडक आहेत, तिथं कोणी आपल्या मनानं बदल करू नये हे बरोबरच आहे, १९५२चा खाण कायदा जीव जाऊन शिकलेल्या गोष्टींवर उभा होता. त्यामुळे बदलाला वेळ लागला तर समजतं. उत्तर द्यायला मात्र कोणता कायदा अडवतो?

सोडून जाता येत नाही तेव्हा

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन ह्यांनी १९७० मध्ये सांगितलं की संस्था बिघडली की माणसाकडं दोन रस्ते असतात, निघून जाणं किंवा बोलणं, आणि संस्थेबद्दल जीव असेल तर तो थांबून बोलतो. पुण्या-मुंबईचा इंजिनीअर कंपनी बदलतो. कोळसा पट्ट्यातल्या माणसाची गोष्ट तशी नाही, वणी, राजुरा, भद्रावती, उमरेड ह्या भागात कित्येकांची नोकरी जमिनीच्या बदल्यात मिळालेली आहे, कोल इंडियाच्या २०१२च्या धोरणात तर दोन एकरांमागं एक नोकरी असा हिशोब आहे. ज्याच्या बापाचं वावर खाणीत गेलं त्याची नोकरी म्हणजेच त्याचं वावर, ते सोडून तो कुठं जाईल? जायचा रस्ता बंद, बोलायचा रस्ता बुजलेला, मग तो रिटायर होईपर्यंत हजेरी लावतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की ह्या भागातल्या माणसाला कामाची हौसच नाही. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

ठेक्यावरचे मात्र निघून जातात. चुटीचं चित्र काढणारा तोही गेला, आता तालुक्याच्या रस्त्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत चालेल असा लहान चाकाचा डवरा (तण काढायचं अवजार) तो बनवतो, शेतकरी घेऊन जातात, जड जातो म्हणून परत आणतात आणि तो त्यांच्यासमोरच पट्टी कापून हलका करून देतो.