वाचा गेली तरी म्हण कशी येते?

कुणाच्या अंगावरून वारं गेलं, बोलणं बंद पडलं, आणि तोच माणूस देवाच्या गाऱ्हाण्याला सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणाला की घरात कुजबुज सुरू होते, याला बोलता येतं पण मुद्दाम बोलत नाय. हा त्या माणसावर अन्याय आहे.

आमच्या वाडीतल्या एका आजोबांचं मी जवळून बघितलंय. समोर तांब्या धरला तर ओठ नुसते थरथरायचे, कपाळाला घाम, शब्द नाही. पण कुणी "येवा कोकण" म्हटलं की लगेच "आपलाच आसा", अगदी मालवणी हेल काढून, आणि शिव्या तर एकदम स्वच्छ!

झालं काय, तर नवं वाक्य जुळवायचं काम बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला चालतं, पण म्हणी, "देवाक काळजी"सारखी पालुपदं, आकडे, आरत्या हे सगळं अख्खंच्या अख्खं पाठ असतं आणि ते बाहेर काढायला उजवी बाजू आणि मेंदूच्या आत खोलवर असलेले पेशींचे पुंजके, म्हणजे बेसल गँग्लिया, मदतीला येतात, त्यामुळे डावीकडे इजा झाली तरी हा साठा बऱ्याचदा वाचतो. पार्किन्सन या कंपवाताच्या आजारात बेसल गँग्लियाचं काम बिघडतं, तिथे उलटं दिसतं, ठरलेली वाक्यंच कमी होतात.

हे नवीन नाही. 1861 मध्ये पॅरिसला डॉक्टर पॉल ब्रोका यांच्याकडे आलेला पेशंट फक्त "टॅन" एवढंच म्हणायचा, पण चिडला की अख्खी शिवी तोंडातून पडायची. पुढे लंडनचे मेंदूचे डॉक्टर ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी आपोआप येणारं बोलणं आणि विचार करून केलेलं बोलणं असे सरळ दोन प्रकारच केले.

स्पीच थेरपीत याचा उपयोग करतात. इंग्रजी पेशंटला "बेटर लेट दॅन..." म्हणून थांबायचं, तो "नेव्हर" म्हणतो. आपल्याकडे "अति तिथे..." म्हणा आणि धीर धरून थांबा, "माती" येऊ दे. शब्द तोंडातून निघाला याचा त्या माणसाला केवढा आधार वाटतो! मग हळूहळू पुढचे शब्द.

पण मेंदूचा झटका, म्हणजे हेच वारं, नुकताच आला असेल तेव्हा हीच गोष्ट फसवते, आणि हे मला कळकळीने सांगायचंय. "कसो आसस?" विचारलं की "बरो आसंय" हे पाठ असलेलं उत्तर येऊ शकतं आणि घरचे म्हणतात, सकाळी बघू. डॉक्टर लोकांत इंग्रजीत एक ब्रीदवाक्य आहे, "टाइम इज ब्रेन", कारण मोठ्या झटक्यात दर मिनिटाला मेंदूच्या साधारण 19 लाख पेशी मरतात. मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅन करून, आणि आपल्याकडे तालुक्याला पोचेपर्यंतच केवढा वेळ जातो. म्हणून विचारायचं तर "आबा, आज न्याहारीला काय होतं?" असं काहीतरी विचारा, तोंड वाकडं झालंय का बघा, दोन्ही हात वर करायला सांगा. यातलं एक जरी अचानक बिघडलं असेल तर 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन कुठे आहे ते विचारून थेट तिथेच न्या.