जाळ्याला लागलेलं तेल आणि धंद्याला लागलेलं तेल

एका बंदरात दोन होड्या आहेत असं धरू. समुद्रात तेल सांडलं त्या रात्री पहिल्या होडीची जाळी पाण्यात होती. सकाळी ओढून घेतली तर ती काळ्या, चिकट लगद्यानं लडबडलेली. दुसऱ्या होडीची जाळी किनाऱ्यावर वाळत होती, त्यांना तेलाचा थेंबही लागला नाही. दुपारी मासेमारीवर बंदी आली आणि पुढचे दोन महिने दोन्ही होड्या धक्क्याला बांधून राहिल्या. दोघा मालकांची कमाई शून्य. दोघंही एकच म्हणणार, ‘तेलानं धंदा बुडवला.’

भरपाईच्या कायद्याला मात्र ही दोन वेगळी प्रकरणं दिसतात. पहिल्याचा तो परिणामी तोटा: आधी वस्तू खराब झाली, तिच्या मागोमाग कमाई गेली. दुसऱ्याचा निव्वळ आर्थिक तोटा: वस्तू शाबूत, कमाई तेवढी गेली. रक्कम अगदी सारखी असली तरी पहिल्याला सहसा ‘किती?’ एवढंच विचारलं जातं. दुसऱ्याला त्याआधी ‘तुम्ही कोण?’ हे विचारलं जातं, आणि तिथेच बरेच दावे अडतात.

परिणामी तोट्याचं काम तसं सरळ आहे. तेल लागलेल्या जाळ्याचा तुकडा जपून ठेवा, फोटो काढा, नव्या जाळ्याची पावती जोडा. जाळं साफ होऊ शकत असेल तर साफसफाईचा खर्च मिळतो, नसेल तर नव्याची किंमत. पण जुनं जाळं किती वापरलेलं होतं ते पाहून घसारा कापला जातो. शिवाय जाळं बदलायला रास्त जेवढे दिवस लागले तेवढ्या दिवसांची बुडालेली कमाई.

गोंधळ होतो तो पुढे. नवं जाळं समजा आठ दिवसांत आलं आणि बंदी साठ दिवस चालली. मग नवव्या दिवसापासून पहिला माणूसही दुसऱ्याच्याच रांगेत येतो. त्याचा तोटा आता घाण झालेल्या जाळ्यामुळे नाही, बंद झालेल्या समुद्रामुळे आहे. एकाच दाव्यात, एकाच माणसाच्या बाबतीत, तारीख ओलांडली की तोट्याची जात बदलते. आणि बंदी पहिल्या दिवसापासूनच होती, तर तेच आठ दिवस दोन्ही खात्यांत मांडता येत नाहीत. हिशेब तपासणारे हे पहिल्याच वाचनात पकडतात.

निव्वळ आर्थिक तोट्याबद्दल न्यायालयं इतकी हात आखडून का असतात, हे कळायला तेलाच्या बाहेरचा एक खटला पाहावा लागतो. भाडेकरारावर घेतलेलं एक जहाज अमेरिकेत दुरुस्तीच्या गोदीत असताना गोदीवाल्यांच्या निष्काळजीपणामुळे त्याला पाण्यात पुढे ढकलणाऱ्या पंख्याचं नुकसान झालं आणि जहाज सुमारे दोन आठवडे अडकून पडलं. जहाज भाड्यानं घेतलेल्यांनी बुडालेल्या दिवसांची भरपाई मागितली. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं, न्यायमूर्ती होम्स यांच्या लेखणीतून, नकार दिला. पंखा त्यांच्या मालकीचा नव्हता. होता तो फक्त करार. ‘रॉबिन्स ड्राय डॉक’ नावानं हा निकाल ओळखला जातो आणि पुढची कित्येक दशकं तो तेलगळतीच्या दावेदारांच्या वाटेत आडवा पडून राहिला.

१९८० मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात ‘टेस्टबँक’ आणि ‘सी डॅनियल’ या जहाजांची टक्कर होऊन एक विषारी रसायन पाण्यात गेलं. तो जलमार्ग जवळपास तीन आठवडे बंद राहिला. जहाज कंपन्या, मासळीचे व्यापारी, उपाहारगृहं, आमिष विकणारे अशा सगळ्यांचे मिळून ४१ खटले उभे राहिले. १९८५ साली अपील न्यायालयानं रॉबिन्सचा नियम कायम ठेवला. धंद्यासाठी मासेमारी करणाऱ्यांचे दावे तेवढे खालच्या न्यायालयातच वाचले होते. समुद्रातला मासा पकडेपर्यंत मच्छीमाराच्याही मालकीचा नसतो, मग त्यालाच सवलत का? तर्काच्या कसोटीवर हा अपवाद थोडा लंगडाच आहे. पण समुद्रावर थेट जगणाऱ्याला हाकलून द्यायला न्यायालयांचंही मन धजावत नाही, असं दिसतं.

बंद दरवाजा पुढे दोन ठिकाणी उघडला, पण दोन्हीकडे चौकट निराळी.

पहिलं ठिकाण आंतरराष्ट्रीय. १९६७ मध्ये ‘टोरी कॅन्यन’ हा टँकर इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ खडकावर आपटला. त्यातून १९६९ चा दायित्व करार आणि १९७१ चा निधी करार जन्माला आले. आज चालतात ती त्यांची १९९२ ची रूपं. टँकरच्या मालकाचा विमा आधी पैसे देतो. ते पुरले नाहीत तर लंडनचा आंतरराष्ट्रीय निधी देतो, आणि त्या निधीत पैसा भरतात ते समुद्रमार्गे वर्षाला दीड लाख टनांहून अधिक तेल घेणारे. ही व्यवस्था टँकरपुरती आहे. २०२० मध्ये मॉरिशसला ‘वाकाशियो’मधून तेल गळलं, पण ते मालवाहू जहाज होतं आणि तेल त्याच्या स्वतःच्या इंधनाचं. तिथे हा निधी लागू नव्हता.

निव्वळ आर्थिक तोटा हा निधी मान्य करतो, पण प्रदूषण आणि तोटा यांचं नातं पुरेसं जवळचं असेल तरच. ते जवळचं आहे की नाही हे ठरवताना पाहतात की धंदा तेल आलेल्या जागेपासून किती लांब आहे, त्या समुद्रावर किंवा किनाऱ्यावर त्याचं पोट किती अवलंबून आहे, माल किंवा गिऱ्हाईक दुसरीकडून मिळण्यासारखं होतं का, आणि तो धंदा त्या भागाच्या अर्थव्यवहाराचाच भाग आहे का. चारही बाजूंचा मिळून अंदाज घेतला जातो. गुण देऊन बेरीज करण्याची ही परीक्षा नाही.

ही कसोटी प्रत्यक्षात कशी चालते ते एका कंपनीच्या अनुभवावरून कळतं. ५ जानेवारी १९९३ ला ‘ब्रेअर’ टँकर शेटलंड बेटांच्या दक्षिण टोकाला फुटला आणि सुमारे ८५ हजार टन कच्चं तेल समुद्रात गेलं. तिथल्या सामन माशांच्या शेतीवर निर्बंध आले. लँडकॅच ही कंपनी या शेतांना सामनची पिल्लं पुरवत असे, पण तिची पैदास केंद्रं स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर, शेटलंडपासून सुमारे ५०० किलोमीटर दूर. गिऱ्हाईक खरंच गेलं होतं, तोटा खरा होता. तरीही स्कॉटलंडच्या न्यायालयांनी दावा नाकारला. तेलानं नुकसान केलं ते शेतकऱ्यांचं. शेतकऱ्यांनी पिल्लं घेतली नाहीत, म्हणून लँडकॅचचं झालं. मधली ही एक पायरी कंपनीला भोवली.

‘सी एम्प्रेस’च्या वेळी तीच गोष्ट वेगळ्या वेषात आली. फेब्रुवारी १९९६ मध्ये वेल्सच्या मिलफर्ड हेवनपाशी सुमारे ७२ हजार टन तेल सांडलं. बंदी आलेल्या पाण्यातल्या शंखगोगलगाई डेव्हनमधली एक कंपनी प्रक्रिया करून कोरियाला पाठवत असे. माल थांबला, निर्यात बुडाली. २००३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयानं तिलाही रिकाम्या हातानं परत पाठवलं. हा तोटा दुसऱ्याच्या तोट्यातून आलेला, असं त्याचं कारण.

पर्यटनात ही रेघ आणखी ठळक ओढलेली दिसते. किनाऱ्यावरचं हॉटेल पर्यटकाला थेट खोली देतं, त्याचा दावा सहसा ऐकला जातो. त्याच हॉटेलच्या चादरी धुणारी लाँड्री पर्यटकाला कधी भेटतच नाही. तिचा दावा सहसा तत्त्वतःच नाकारतात. चादरी मात्र दोघांच्याही कमी झालेल्या असतात. मला हे नेहमीच खटकतं, आणि तरी त्यामागचं कारण अगदीच पोकळ नाही. २००२ मध्ये स्पेनच्या गॅलिसियापाशी बुडालेल्या ‘प्रेस्टिज’ टँकरच्या वेळी विमा आणि निधी मिळून १७.१५ कोटी युरो उपलब्ध होते आणि नुकसानाचे अंदाज त्याच्या कितीतरी पुढे गेले. म्हणून निधीनं सुरुवातीला प्रत्येक मान्य दाव्याच्या फक्त १५ टक्के द्यायचं ठरवलं. गाठोडं एकच असतं. लाँड्रीला आत घेतलं की जाळंवाल्याचा वाटा घटतो. पुढे मर्यादा वाढल्या: २००३ च्या नोव्हेंबरपासून एका घटनेमागे २०.३ कोटी एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी चलनातली रक्कम. आणि पूरक निधीत सामील झालेल्या देशांसाठी एकूण ७५ कोटी एसडीआर.

दुसरं ठिकाण अमेरिका. तो देश या आंतरराष्ट्रीय करारांत नाही. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डीझ’ची गळती झाली आणि पुढच्या वर्षी अमेरिकी संसदेनं तेल प्रदूषण कायदा केला. रॉबिन्सच्या नियमाला त्यातल्या एका कलमानं बगल दिली: नैसर्गिक संपत्तीची किंवा कुणाच्याही मालमत्तेची हानी होऊन ज्याचा नफा बुडाला, त्याला तो मागता येतो, ती मालमत्ता त्याच्या स्वतःच्या मालकीची असायलाच हवी असं नाही. दावा आधी जबाबदार कंपनीकडे करायचा, आणि ९० दिवसांत तोडगा निघाला नाही तर न्यायालयात किंवा सरकारी निधीकडे जायचं.

या कायद्याची मोठी परीक्षा झाली ती मेक्सिकोच्या आखातात. २० एप्रिल २०१० ला ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला, ११ कामगार गेले, आणि विहीर ८७ दिवस वाहत राहिली. बीपी या तेल कंपनीनं २० अब्ज डॉलर बाजूला काढले आणि वकील केनेथ फाइनबर्ग यांच्या देखरेखीखाली दावे निकाली काढायला सुरुवात झाली. इथे आणखी एक जोडी लोकांना फसवून गेली: अंतरिम रक्कम आणि अंतिम रक्कम. ज्या धंद्यांना आधीच काही पैसे मिळाले होते त्यांना आणखी कागद न देता २५ हजार डॉलर झटपट मिळत, पण ते अंतिम असत आणि सोबत पुढे खटला न भरण्याची सही असे. अंतरिम दाव्यात अशी सही नव्हती. तिथे तिमाहीमागून तिमाही नवा तोटा मांडता येई. गल्ला रिकामा असलेला माणूस कुठे सही करेल, हे सांगायला नको.

२०१२ मध्ये बीपी आणि दावेदार यांच्यात झालेल्या सामुदायिक तडजोडीत तर ‘पुरेसं जवळचं नातं’ हा प्रश्नच आकड्यांवर सोपवला गेला. किनारपट्टीचे विभाग पाडले. अगदी किनाऱ्यालगतच्या अनेक धंद्यांचा तोटा तेलामुळेच झाला असं गृहीत धरलं. त्यापुढच्या विभागांतल्यांना सहसा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा आलेख दाखवावा लागे: मे ते डिसेंबर २०१० मधल्या सलग तीन महिन्यांत उत्पन्न आधीच्या वर्षांपेक्षा किमान ८.५ टक्के घसरलेलं, आणि २०११ च्या त्याच महिन्यांत किमान ५ टक्के सावरलेलं. लँडकॅचच्या न्यायाधीशांनी पानंच्या पानं ज्यावर खर्च केली, ते इथे हिशेबनिसाच्या तक्त्यात मावलं.

याची दुसरी बाजूही लगेच दिसली. आलेख ‘व्ही’ झाला की कारण विचारायचं नाही. ज्यांचा तेलाशी काडीचा संबंध नाही त्यांनाही पैसे मिळताहेत, अशी तक्रार खुद्द बीपीनं केली. न्यायालयांनी सांगितलं की करारावर सही तुमचीच आहे, आणि डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. उलट, मुळातच वाढत चाललेल्या धंद्याचा तेलामुळे वेग मंदावला आणि खड्डा पडला नाही, तर त्याचा खरा तोटा या तक्त्यात बसतच नसे.

तोट्याची जात कोणतीही असो, रक्कम काढायची रीत मात्र साधारण एकच. मागच्या दोन-तीन वर्षांच्या त्याच महिन्यांवरून अपेक्षित उलाढाल काढायची, प्रत्यक्ष झालेली वजा करायची, आणि मग न झालेला खर्चही वजा करायचा: होडी निघाली नाही म्हणजे डिझेल, बर्फ, आमिष यांचे पैसे वाचले. साफसफाईच्या कामाला होडी लावून काही मिळालं असेल तर तेही सहसा कापलं जातं. पुष्कळ जण गेलेली विक्री हाच तोटा समजून दावा करतात आणि हातात निम्मं आलं की फसवल्यासारखं वाटून घेतात.

कागद नसलेल्यांची स्थिती सगळ्यांत बिकट. डिसेंबर २००७ मध्ये दक्षिण कोरियात ‘हेबेई स्पिरिट’मधून १० हजार ९०० टन तेल गळलं आणि सव्वा लाखाहून जास्त दावे आले. त्यांत नुसत्या हातांनी शिंपले वेचणारेही होते. त्यांच्या धंद्यात पावती नावाची चीजच नाही. अनेक दावे पुराव्याअभावी फेटाळले गेले.

स्वतःच्या विम्यावर विसंबणाऱ्यांनाही हाच भेद आडवा येतो. धंदा बंद पडल्याचा विमा बहुधा मालमत्तेला प्रत्यक्ष इजा झाली तरच चालू होतो. म्हणजे जाळं बरबटलं तर काही आशा, बंदी आली तर वेगळं कलम घेतलेलं असेल तरच.

आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत मुदत तोटा झाल्यापासून तीन वर्षं आणि कोणत्याही स्थितीत घटनेपासून सहा. त्याआधी न्यायालयात पाऊल टाकलं नाही तर हक्कच संपतो, मग विमा कंपनीशी पत्रव्यवहार कितीही सौजन्याचा चाललेला असो. परिणामी तोट्याची तारीख शोधावी लागत नाही. जाळं बरबटलं तो दिवस सगळ्यांना आठवतो. निव्वळ आर्थिक तोट्यात मात्र, पर्यटक नेमके कधीपासून यायचे थांबले यावरच निम्मा वाद होतो.