पिशवी कोणाच्या हातात: हाऊजी, मटका आणि ऑनलाइन बिंगो

गिरगावातल्या आमच्या चाळीत गणपतीच्या दिवसांत एक रात्र हाऊजीची असे. सतरंजी अंथरायची, बायका-पोरं तिकिटं मांडीवर घेऊन बसायची आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू जुन्या परकराच्या कापडाची पिशवी हलवून एकेक चकती काढायच्या. "दोन बदकं, बावीस!" एका वर्षी फुल हाऊस लागलं, म्हणजे एका तिकिटावरचे सगळे नंबर कापले गेले, बक्षिसं वाटून झाली आणि सकाळी झाडताना सतरंजीच्या घडीत ४७ नंबरची चकती सापडली. रात्रभर पिशवीत नव्वद नव्हे, एकोणनव्वदच नंबर होते.

त्या रात्री १२० तिकिटं खपली होती. सहा तिकिटांच्या एका पट्टीवर १ ते ९० हे सगळे नंबर एकेकदाच येतात. म्हणजे वीस पट्ट्या आणि ४७ असलेली बरोबर वीस तिकिटं. त्या वीस तिकिटांवर फुल हाऊस होणं शक्यच नव्हतं. लबाडी कोणीच केली नव्हती, तरी चाळीत आठवडाभर कुजबुज चालू राहिली. पुढच्या वर्षीपासून चकत्या आधी सगळ्यांसमोर दहा-दहाच्या नऊ ओळींत मांडायच्या आणि मगच पिशवीत टाकायच्या, असा दंडक पडला. आज ज्याला ऑडिट म्हणतात ते आमच्याकडे असं सुरू झालं.

हिशेबाची वहीही काकूंकडेच. तिकीट वीस रुपये, जमा २,४०० रुपये. जल्दी फाइवला, म्हणजे पहिले पाच नंबर कापणाऱ्याला, २००, तिन्ही लाइनींना तीनतीनशे, फुल हाऊसला ८००, असं १,९०० रुपयांचं वाटप. उरलेले ५०० मंडळाला. म्हणजे परतावा ७९ टक्के. ऑनलाइन बिंगोच्या जाहिरातीत 'पेआउट' म्हणून जो आकडा झळकतो तो हाच. आता गंमत बघा: चकती हरवली त्या रात्रीही परतावा ७९ टक्केच होता, एक पैसा कमी नाही. सोडत सरळ झाली का हा एक प्रश्न आणि जमलेल्यातलं किती परत गेलं हा दुसरा. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर मिळत नाही. मुंबईने हे दोन्ही प्रश्न गेली शंभरेक वर्षं या ना त्या खेळात विचारलेत.

हा खेळ मूळचा इटलीचा. तिथे १५३० पासून आकड्यांची लॉटरी चालत आली. अठराव्या शतकात नेपल्समध्ये तिचं घरगुती रूप 'तोम्बोला' रुजलं, आपला तंबोला शब्द तिथला. ब्रिटिश आरमाराने तंबोला उचलला, पायदळाने त्यालाच 'हाऊजी' म्हटलं, आणि गोऱ्या पलटणींबरोबर तो इथल्या छावण्यांत, जिमखान्यांत आणि रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये पोचला. अमेरिकेतला ७५ नंबरांचा बिंगो ही निराळी शाखा. एडविन लो या खेळणी विकणाऱ्याने १९२९ मध्ये जत्रेत पाहून तो बाजारात आणला. ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्यानंतर बिंगोचे हॉल निघाले. तिथल्या एका प्रथेकडे लक्ष द्यायला हवं: खेळात लावलेले पैसे वेगळे आणि क्लबची फी वेगळी. लावलेले पैसे खेळाडूंत वाटायचे, मालकाने फीवर जगायचं. मालकाचा वाटा किती, ते पावतीवरच दिसे.

मुंबईत मात्र आकड्याचा नाद हाऊजीने लावला नाही, कापसाने लावला. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमध्ये रुईचा भाव किती निघाला आणि किती बंद झाला, ते टेलिप्रिंटरवरून इथल्या कॉटन एक्स्चेंजला कळे. त्या भावांच्या आकड्यांवर लोक पैसे लावत. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथूनच आले. खेळाच्या दृष्टीने ही सोय फार चोख होती, कारण तो आकडा हलवणं मुंबईतल्या कोणाच्याच हातात नव्हतं. सात समुद्रांपलीकडचा भाव काळबादेवीच्या बुकीला कसा वाकवता येणार?

१९६१ मध्ये न्यूयॉर्कने ते भाव पाठवणं बंद केलं आणि पंचाईत झाली. खेळ होता, खेळणारे होते, पण आकडा कुठून आणायचा? १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा. आधी मातीच्या मडक्यातून चिठ्ठ्या निघत, म्हणून मटका. पुढे पत्ते आले. तीन पानं काढायची, बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा अंक तो आकडा. ओपनचा एक, क्लोजचा एक, दोन मिळून जोडी.

आकडा आता मुंबईतच निघू लागला, तेव्हा विश्वासही इथेच मिळवणं भाग होतं. तो दोन गोष्टींवर उभा राहिला: चारचौघांदेखत पानं काढणं आणि मालकाचं नाव. परळ-लालबागच्या गिरण्यांतला कामगार पगाराच्या दिवशी चार आणे लावायचा तो पोलिसात तक्रार करता येईल म्हणून नव्हे, ती सोय नव्हतीच. आकडा लागला की पैसे दारात येतात, एवढ्या अनुभवावर तो खेळे. आणि दर? एका अंकाला एकाचे नऊ, जोडीला एकाचे नव्वद. अंक दहा, जोड्या शंभर. म्हणजे पानं अगदी सरळ काढली तरी शंभरातले दहा मालकाकडे राहणार आणि ते कोणी लपवतही नव्हतं. आजच्या कित्येक झगमगीत ॲपांपेक्षा हा हिशेब उघड होता, असं म्हणताना जीभ थोडी अडखळते, कारण याच आकड्यापायी कित्येक चुली विझलेल्या आम्ही पाहिल्यात.

मटक्यात एक खोट होतीच. कोणत्या आकड्यावर किती पैसे लागलेत ते मालकाला माहीत असे. ज्यावर पैसा कमी तोच निघाला तर त्याचा फायदा. त्यामुळे 'आकडा काढला की पाडला' हा वाद मटक्याबरोबरच जन्मला. हा मुद्दा ध्यानात ठेवा, बिंगोकडे परत येताना तो लागेल.

कायद्याची गोष्ट थोडक्यात. मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा, आजही चालू आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. नशिबाच्या खेळाला नाही. लोक पावसाच्या पन्हळीवरही पैसे लावत, म्हणून पाऊससुद्धा त्या कायद्यात नाव घेऊन आणावा लागला. वर्तमानपत्री शब्दकोड्यांच्या स्पर्धांवरून मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५७ मध्ये निकाल लागला: जुगार हा व्यापार नव्हे, व्यापारस्वातंत्र्याचं संरक्षण त्याला नाही. नंतर सरकारच मैदानात उतरलं, महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ ला सुरू झाली. लॉटरीसाठी केंद्राने १९९८ मध्ये कायदा केला, त्यात एक अट अशी की आधी जाहीर केलेल्या आकड्यावर किंवा एकाच अंकावर बक्षीस ठेवता येणार नाही. लॉटरीच्या आडून मटका नको, हा त्याचा सरळ अर्थ.

आता यंत्र. माणसाचा हात काढून यंत्राकडून आकडा घेण्याचा गाजलेला प्रयोग ब्रिटनच्या प्रीमियम बाँडचा, म्हणजे व्याजाऐवजी सोडतीतून बक्षीस देणाऱ्या सरकारी रोख्यांचा. १९५७ मध्ये 'अर्नी' नावाचं यंत्र निऑन नळ्यांतल्या विजेच्या खरखरीतून आकडे बनवू लागलं. लोकांना शंका होतीच, म्हणून त्या आकड्यांची तपासणी सरकारच्या विमागणिती, म्हणजे शक्यतांचा हिशेब करणाऱ्या, खात्याकडे दिली. ऑनलाइन बिंगोची व्यवस्था याच वाटेने गेली. आकडे काढणारा प्रोग्रॅम एकाचा, तपासणारा दुसरा, परवाना देणारा तिसरा. जीएलआय ही संस्था १९८९ पासून आणि ईकोग्रा ही २००३ पासून अशी तपासणी करतात. ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनचे नियम सांगतात की सोडत यादृच्छिक, म्हणजे निव्वळ योगायोगाची, असली पाहिजे आणि जिंकण्याची शक्यता किती, ते खेळाडूला पैसे लावण्याआधी वाचता आलं पाहिजे.

घरबसल्या खेळून सोडत तपासता येते का? जवळजवळ नाही. समजा तुम्ही ९०० डाव पाहिलेत आणि प्रत्येक डावाचा पहिला नंबर टिपलात. प्रत्येक नंबर सरासरी दहा वेळा पहिला यायला हवा. पण नव्वद नंबरांत एखादा चारदाच आला आणि दुसरा सतरा वेळा आला, तरी सोडत अगदी सरळ असू शकते. वाकडेपणा दिसायला लाखो डावांची नोंद लागते आणि ती फक्त चालवणाऱ्याकडे असते. 'चार दिवस झाले, ६३ येतच नाही' या तक्रारीला म्हणून काही अर्थ नाही.

मला वाटतं, बिंगोत सगळे चुकीच्या जागी बघतात. मटक्यात मालकाला आकड्यात रस होता. बिंगोत तिकिटांच्या पैशातून बक्षिसाची रक्कम ठरली की कुठला नंबर येतो याने मालकाला काडीचा फरक पडत नाही, कोणीतरी जिंकणारच. मग लबाडीला जागा कुठे उरते? खोलीत कोण बसलंय, तिथे. मालकाचीच चार खाती खेळाडू म्हणून बसली, तर सोडत शंभर टक्के खरी, परतावा नव्वद टक्के खरा, आणि बक्षीस फिरून घरातच. नंबर तपासणारं प्रमाणपत्र खुर्च्या मोजत नाही. सतरंजीवर ही शंका कोणाच्या मनातही आली नसती. जिंकलेली बाई कोणाची सून, ते सगळ्यांना ठाऊक.

दुसरी जागा जॅकपॉटची. '४० नंबरांत फुल हाऊस, एक लाख रुपये' असं लिहिलेलं असतं. एका तिकिटाला ते साधण्याची शक्यता सुमारे ११ लाख ३८ हजारांत एक. हा लाख रुपया परताव्याच्या टक्केवारीत धरला असेल, तर तो कागदावर आहे, कोणाच्या खिशात गेलेला नाही. म्हणून टक्केवारी विचारताना जॅकपॉट वगळून किती, हे आधी विचारावं. बोनसचंही तसंच. पाचशेचा बोनस पाच हजारांचा खेळ झाल्याशिवाय काढता येत नसेल, तर त्याला पाचशे म्हणू नये.

२०२० च्या टाळेबंदीत मुंबईची हाऊजी फोनवर गेली. व्हॉट्सॲपवर तिकिटाचा फोटो, यूपीआयने पैसे, नंबर ग्रुपवर. नंबर निघाल्यावर मागाहून जुळणारं तिकीट तयार करणं सोपं होतं, म्हणून शहाण्या आयोजक बायका खेळाआधीच सगळ्या तिकिटांची पीडीएफ ग्रुपवर टाकत. काही परदेशी साइटी सोडतीचं गुपित आधी कुलूपबंद करून नंतर उघडतात, त्यातली युक्तीही हीच: निकालाआधी असं काहीतरी जाहीर करायचं, जे मागून बदलता येणार नाही.

मग कर आले. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कापले जाऊ लागले, १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी. तो खेळाडूच्याच पैशातून गेला, तर शंभर भरल्यावर खेळायला ७८ रुपये १२ पैसे उरत आणि नव्वद टक्के परतावा त्या ७८ वर लागे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, कौशल्य असो वा नशीब. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. बँकांनाही हे व्यवहार करायला मनाई. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. भारतातली ॲप मिटली. परदेशी लिंका टेलिग्रामवर फिरत राहिल्या.

तशी एक लिंक माझ्या ठाण्याच्या वहिनीकडे होती. 'बघ ना भावोजी, नव्वद टक्के देतात,' म्हणून तिने फोन पुढे केला. मी तिला काकूंसारखी वही घालायला सांगितली: किती तिकिटं, किती वाटप, कोण जिंकलं, किती वाजता. तिने वीस डाव टिपले. प्रत्येक डावात ४०० तिकिटं, दहा रुपयांचं एक, वाटप ३,६००. टक्केवारी खरी निघाली. पण रात्री नऊला रूममध्ये ३१२ माणसं आणि पहाटे तीनलाही ३१२च. जिंकणाऱ्यांत पाच टोपणनावं फिरून फिरून तीच. वहिनीने वही मिटली आणि उरलेले साडेसहाशे रुपये काढायला टाकले. 'पडताळणी सुरू आहे' असं तेव्हा आलं होतं, परवा पाहिलं तर अजून तेच आहे.