कापसावर कापसाचा डाग

सुती चादरीवर वाळलेल्या नेलपॉलिशचा डाग साबणाला दाद देत नाही. रात्रभर पाण्यात भिजवून ठेवा, सकाळी तो तसाच, कडक आणि चकचकीत. आणि त्याच डागावर रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर टेकवून धरला की तो पातळ होऊन वाहू लागतो. चादरीला मात्र काही होत नाही. हे शेवटचं वाक्य आपण गृहीत धरतो, पण सगळी गंमत त्यातच आहे. डाग विरघळवणारं द्रावक शोधणं सोपं असतं. अवघड असतं ते डाग विरघळवेल पण त्याखालची वस्तू विरघळवणार नाही असं द्रावक शोधणं.

नेलपॉलिशमध्ये रंगाला धरून ठेवणारा, नखावर पापुद्रा तयार करणारा मुख्य पदार्थ म्हणजे नायट्रोसेल्युलोज. तो तयार होतो कापसापासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून. १८४६च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये काम करणाऱ्या ख्रिस्तियान शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणाची कापसावर प्रक्रिया केली. कापूस दिसायला होता तसाच राहिला, पण ठिणगी लागताच भक्कन जळून जाऊ लागला. दारूगोळ्यात वापरला जाणारा ‘गन कॉटन’ तो हाच. पुढे लक्षात आलं, की ही प्रक्रिया जरा आवरती घेतली, नायट्रोजनचं प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास ठेवलं, तर हा पदार्थ द्रावकांमध्ये छान विरघळतो आणि वाळल्यावर त्याचा कडक, चमकदार पापुद्रा बनतो. १९२०च्या दशकात मोटारींना दिले जाणारे झटपट वाळणारे रंग याच पदार्थाचे होते, आणि नखांवरचा रंग हा त्यांचाच धाकटा भाऊ. १९३२ साली सुरू झालेल्या रेव्हलॉन या कंपनीने पारदर्शक रंगांऐवजी अपारदर्शक रंगद्रव्यं वापरून नेलपॉलिश विकायला सुरुवात केली. ही रंगद्रव्यं डाग काढताना आपल्याला छळतात. त्यांच्याकडे नंतर येऊ.

आधी कापसाचं बघू. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, ग्लुकोजच्या हजारो कड्या जोडून झालेली लांबच लांब साखळी. प्रत्येक कडीवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचे तीन गट असतात. शेजारशेजारच्या साखळ्या या गटांच्या आधाराने एकमेकींना इतक्या घट्ट धरतात, की पाणी त्यांना फुगवतं पण विरघळवू शकत नाही. रिमूव्हरमधलं मुख्य द्रावक म्हणजे ॲसिटोन, त्याला तर आत शिरायलाही जागा नसते. नायट्रोसेल्युलोजमध्ये साखळी तीच असते, पण दर कडीवरच्या तीन गटांपैकी सरासरी दोनाहून थोड्या अधिक गटांच्या जागी नायट्रेट गट आलेले असतात. एकमेकींना धरणारे हातच कमी झाल्यावर साखळ्या सैल पडतात आणि ॲसिटोनचे रेणू त्यांच्यामध्ये सहज घुसतात. पाण्याला मात्र आता धरायलाच काही उरलेलं नसतं.

म्हणजे सुती चादरीवर सांडलेलं नेलपॉलिश हा कापसावर पडलेला कापसाचाच डाग असतो. साखळी एकच, फक्त बाजूला लटकणारे गट वेगळे. ॲसिटोन तेवढ्या फरकावरून दोघांना ओळखतं, आणि मला ही गोष्ट प्रत्येक वेळी विलक्षण वाटते.

आता याच घराण्यातलं तिसरं भावंड. सेल्युलोजच्या त्या गटांच्या जागी नायट्रेटऐवजी ॲसिटाइल गट बसवले, की सेल्युलोज ॲसिटेट तयार होतं. त्याचा धागा मऊ आणि रेशमासारखा चमकदार असतो, म्हणून कोटांची अस्तरं, सॅटिनसारखी कापडं, झुळझुळीत पडदे यांत तो वापरतात. हा धागा कारखान्यात काढतात कसा? सेल्युलोज ॲसिटेट ॲसिटोनमध्ये विरघळवायचं, ते घट्टसर द्रावण बारीक छिद्रांतून दाबायचं आणि गरम हवेत ॲसिटोन उडवून टाकायचं. अशा कापडावर रिमूव्हर ओतणं म्हणजे धाग्याला उलट्या पावली कारखान्यात नेणं. डागाबरोबर कापडही विरघळतं आणि तिथे भोक पडतं, किंवा वाळल्यावर कडक, चिकटलेला चट्टा उरतो. कापडात ॲसिटेट आहे का हे ओळखायला प्रयोगशाळाही ॲसिटोनच वापरतात.

तेव्हा कपड्याच्या आतल्या पट्टीवर काय लिहिलंय ते आधी वाचावं. ‘ॲसिटेट’, ‘ट्रायॲसिटेट’ किंवा ‘मोडॅक्रिलिक’ असं काही असेल तर ॲसिटोनची बाटली उघडूच नये. ‘ॲसिटोनविरहित’ रिमूव्हरच्या भरवशावरही राहू नये. त्यात बहुधा इथाइल ॲसिटेट नावाचं द्रावक असतं आणि तेही या धाग्याला मऊ करू शकतं. असा कपडा ड्रायक्लीनिंगवाल्याकडे द्यावा आणि डाग कशाचा आहे ते त्याला स्पष्ट सांगावं. सुती, लिनन, पॉलिएस्टर आणि नायलॉन ॲसिटोनमध्ये विरघळत नाहीत. रेशीम आणि लोकरही विरघळत नाही, पण त्यांचे रंग नाजूक असतात. सदऱ्यावर छापलेली रबरी चित्रं आणि ताणल्या जाणाऱ्या कापडातले लवचीक धागे यांचीही खात्री देता येत नाही. पट्टीच नसेल तर आतल्या शिवणीवर एक थेंब टाकावा आणि पांढऱ्या फडक्याने दाबून पाहावं. फडक्याला रंग लागला किंवा कापड चिकट झालं, तर तिथेच थांबावं.

कापड चालणारं असेल तर खरं काम आता सुरू होतं. नेलपॉलिश वाळतं म्हणजे काय होतं? त्यातलं इथाइल आणि ब्यूटाइल ॲसिटेट उडून जातं, एवढंच. कुठलीही रासायनिक अभिक्रिया होत नाही. गुंतलेल्या साखळ्यांची कोरडी गुंतवळ मागे राहते. म्हणून डाग कालचा असो की वर्षभरापूर्वीचा, द्रावक परत दिलं की तो पुन्हा ओला होतो. पण तो साखरेसारखा लगेच विरघळत नाही. आधी द्रावक आत झिरपतं, पापुद्रा फुगून मऊ होतो आणि मग साखळ्या एकेक करून सुटतात. याला वेळ लागतो, आणि ॲसिटोन तर ५६ अंश सेल्सिअसला उकळणारं, बघता बघता उडून जाणारं. घासाघीस करण्यापेक्षा भिजलेला बोळा मिनिटभर नुसता दाबून धरणं जास्त उपयोगाचं, ते यासाठी.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विरघळलेला डाग गेलेला नसतो. तो फक्त हलायला मोकळा झालेला असतो, आणि आपण जागा दाखवली नाही तर तो कापडातच पसरतो. म्हणून डागाची बाजू खाली करून कापड एका जाड पांढऱ्या फडक्यावर पालथं ठेवावं आणि ॲसिटोन मागच्या बाजूने लावावं. धाग्यांच्या बारीक फटींतून द्रावक खालच्या कोरड्या फडक्याकडे ओढलं जातं आणि जाताना रंगही घेऊन जातं. खालचं फडकं सतत सरकवत किंवा बदलत राहावं लागतं. एकाच ओल्या, रंगलेल्या जागेवर दहा वेळा टिपलं, तर रंग जितका खाली जातो तितका परत वर येतो.

टिपताना कडेकडून मध्याकडे यायचं. सांडलेल्या कॉफीचा थेंब वाळल्यावर कडेला गडद कडं उरतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. थेंब कडेला लवकर वाळतो, ती झीज भरून काढायला आतला द्रव कडेकडे वाहतो आणि कण तिथे नेऊन टाकतो. १९९७ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी याचं नेमकं कारण मांडलं. ॲसिटोन तर कॉफीपेक्षा कितीतरी झपाट्याने वाळतं. मधोमध भसकन ओतलं, की लाल ठिपक्याच्या जागी मोठं गुलाबी वर्तुळ तयार.

आणि डाग आधी पाण्याने ओला करू नये. पुष्कळ जण सवयीने तसंच करतात. ॲसिटोन पाण्यात पूर्ण मिसळतं, पण नायट्रोसेल्युलोजला पाणी चालत नाही. पाणी मिसळलं की विरघळलेल्या साखळ्या एकत्र येऊन पुन्हा घट्ट होतात, आणि तेही थेट धाग्यांच्या आत. काचेच्या वाटीत थोडं नेलपॉलिश ॲसिटोनमध्ये विरघळवून त्यात पाण्याचे थेंब सोडून पाहा. स्वच्छ द्रावण गढूळ होतं आणि चिकट तंतू वेगळे होतात. कापड कोरडंच असू द्यावं, साबणाचं पाणी सगळ्यात शेवटी. रिमूव्हरही शक्यतो बिनरंगी आणि तेल न मिसळलेलं घ्यावं, नाहीतर तेलाचा नवा डाग पडतो.

एवढं करूनही कधी कधी फिकट गुलाबी छटा उरते. ती रंगद्रव्यांची. ते घन कण असतात, ॲसिटोनमध्ये विरघळत नाहीत. त्यांना धरून ठेवणारा पापुद्रा गेला तरी काही कण धाग्यांच्या वळणांत अडकून राहतात. साबणाच्या धुण्याने बरेचसे निघतात. पांढऱ्या सुती कापडावर ऑक्सिजन सोडणारी विरंजक पावडर वापरली, तर सेंद्रिय रंग आणखी फिके पडू शकतात. पण तपकिरी-लाल छटा लोहाच्या ऑक्साइडची असेल तर त्यावर काही परिणाम होत नाही, कारण ते लोह आधीच ऑक्सिजनशी जोडलेलं असतं. क्लोरीनचं ब्लीच मात्र ॲसिटोन लावलेल्या कापडावर मुळीच टाकू नये. दोन्हींच्या अभिक्रियेतून क्लोरोफॉर्मसारखे विषारी पदार्थ तयार होतात.

व्हिनेगर, टूथपेस्ट, हेअर स्प्रे अशा उपायांची चर्चा खूप होते. व्हिनेगर म्हणजे बव्हंशी पाणी. टूथपेस्टमधली बारीक पूड पापुद्रा खरवडते, पण त्याबरोबर खालची चकाकीही नेते. हेअर स्प्रे आणि सॅनिटायझरमधलं अल्कोहोल नेलपॉलिशला थोडं मऊ करतं. ज्या पृष्ठभागाला ॲसिटोन सोसत नाही तिथे तेवढ्याचा उपयोग होतो, इतरत्र वेळ जातो.

जेल नेलपॉलिशला यातलं बरंचसं लागू नाही. ते वाळत नाही, दिव्याच्या अतिनील प्रकाशात त्यातले रेणू एकमेकांना कायमचे जोडले जातात आणि जाळं बनतं. ॲसिटोन ते जाळं फुगवतं, सोडवत नाही. फुगलेला पापुद्रा मग उचकटून काढावा लागतो. कपड्यावर सांडलेलं जेल अजून ओलं असेल तर कपडा उन्हात नेऊ नये, कारण उन्हातही अतिनील किरण असतात. सावलीतच ते टिपून घ्यावं आणि अल्कोहोलने पुसावं.

गालिच्यावर ॲसिटोन कधीही ओतू नये. खाली झिरपलेलं द्रावक धागे धरून ठेवणारा डिंक सैल करतं. बोळ्याने थोडं थोडं टिपावं, तेवढंच. काच आणि चिनी मातीच्या फरश्यांची काळजी नको. संगमरवराला ॲसिटोनचा त्रास नाही, पण व्हिनेगरचा आहे. त्यातलं आम्ल दगडातलं कॅल्शियम कार्बोनेट खातं आणि झिलई जाते. प्लॅस्टिकचं मात्र कुळ बघावं लागतं. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन ॲसिटोनला दाद देत नाहीत. पण उपकरणांची कडक आवरणं, पारदर्शक ॲक्रिलिक, चष्म्याच्या काचांचं पॉलिकार्बोनेट आणि पॉलिस्टायरीन यांवर एका पुसण्यातच पांढरट धूसरपणा येऊ शकतो किंवा तडे जाऊ शकतात, आणि ते परत जात नाहीत.

आणि हे सारं खिडक्या उघडून, शेगडी, निरांजन, उदबत्ती यांपासून दूर करावं. ॲसिटोनची वाफ उणे २० अंशांनाही पेट घेण्याइतकी तयार होते. ती हवेच्या दुप्पट जड असते, त्यामुळे जमिनीलगत पसरत जाऊन दूरच्या ज्योतीपर्यंत पोचते. भिजलेले बोळे आणि फडकी मोकळ्या हवेत पूर्ण वाळू द्यावीत, मगच टाकावीत किंवा धुवावीत.

शेवटी लाकूड. जुन्या फर्निचरवर लाखेचं पॉलिश असेल तर ते अल्कोहोलने उतरतं, म्हणजे सॅनिटायझरही नको. आणि लाकडावर लॅकर असेल, तर ते पुष्कळदा नायट्रोसेल्युलोजचंच असतं. इथे डाग आणि त्याखालचा थर एकाच पदार्थाचे असतात, आणि दोघांतला फरक ओळखेल असं कुठलंच द्रावक नाही. ओलं नेलपॉलिशसुद्धा इथे पुसायला जाऊ नये, त्यातलंच द्रावक खालचा थर मऊ करत असतं. दोन्ही पुरतं कडक होईपर्यंत, एखादा दिवस, हात न लावता थांबावं. मग ठिपक्यावर पिशवीत गुंडाळलेला बर्फ दोन मिनिटं धरला की पापुद्रा ठिसूळ होतो. जुन्या प्लॅस्टिक कार्डाची कड त्याखाली जवळजवळ आडवी धरून हळूच सरकवली, तर तो कधी तुकड्यातुकड्यांनी, कधी अख्खाच सुटून येतो.