'बदल सापडला, अर्थ माहीत नाही'

अमेरिकेत स्तनाचा कर्करोग कृष्णवर्णीय स्त्रियांना गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमीच होतो. त्याने दगावण्याचे प्रमाण मात्र त्यांच्यात सुमारे 40 टक्क्यांनी जास्त आहे. उशिरा निदान, अपुरा विमा ही कारणे आहेतच. शिवाय 'ट्रिपल निगेटिव्ह' हा चिवट प्रकार त्यांच्यात जवळपास दुप्पट आढळतो आणि हार्मोन रोखणारी औषधे त्यावर चालत नाहीत.

बीआरसीए-1 हे जनुक 1994 मध्ये हाती लागले, बीआरसीए-2 पुढच्याच वर्षी. त्यांच्यात बिघाड असला की स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पण जनुकातला प्रत्येक बदल म्हणजे बिघाड नव्हे. कित्येक बदल अगदी निरुपद्रवी असतात. कोणता कसला, हे ठरवायला त्या घरातल्या आई, मावश्या, आत्या, बहिणी तपासाव्या लागतात. ज्यांच्यात बदल आहे त्यांनाच आजार होतो का, हे पाहायचे असते. आजवरच्या नोंदी मुख्यतः युरोपीय वंशाच्या घरांतल्या. म्हणून कृष्णवर्णीय बाईच्या जनुक-तपासणीच्या अहवालात 'बदल सापडला, अर्थ माहीत नाही' हा शेरा जास्त वेळा येतो. रक्त देऊन हाती काय, तर हा शेरा!

तेव्हा तपासायला हवीत ती अख्खी कृष्णवर्णीय घरे. पण अलाबामा राज्यातल्या टस्कीगीत 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षे सरकारी डॉक्टरांनी सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना नुसते न्याहाळले. पेनिसिलिन आल्यावरही दिले नाही. 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कर्करोग झालेल्या कृष्णवर्णीय बाईंच्या पेशी त्यांना न विचारताच घेतल्या गेल्या. अशा आठवणी असलेल्या घरात कोण रक्ताची नळी घेऊन जाणार? त्यात वंशावळीही तुटलेल्या: 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांच्या याद्या झाल्या, पण बहुतेकांची नावे नाहीत, वय आणि लिंग तेवढे.

आर्कान्सा राज्यात 1990 च्या सुमारास 'विटनेस प्रोजेक्ट' हा उपक्रम चर्चमध्ये गेला. कर्करोगातून वाचलेल्या कृष्णवर्णीय बायकाच तिथे उभ्या राहून आपली हकीकत सांगत. विषय कर्करोगाची वेळीच तपासणी करून घेण्याचा होता, जनुकांचा नव्हे. पण कोणी बोलायचे, हे तिथे बरोबर ओळखले होते. माझ्या मते पत्रके वाटण्यापेक्षा हे शंभरपट बरे.

आफ्रिकी वंशाच्या 40 हजारांहून अधिक स्त्रियांचा जनुकीय अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकन कॅन्सर सोसायटीने एक लाख कृष्णवर्णीय स्त्रियांची 30 वर्षे माहिती ठेवण्याचे काम हाती घेतले.

अर्थ न लागलेल्या बदलांपैकी बहुतेक पुढे निरुपद्रवी ठरतात. मग प्रयोगशाळा सुधारित अहवाल काढते, कधी कधी कित्येक वर्षांनी. तोवर त्या बाईचा डॉक्टर किंवा पत्ता बदललेला असला, तर तिला कळवायचे कोणी?