स्लीप(१६) म्हणजे ६० एफपीएस नव्हे

ठाण्याच्या कोडिंग क्लासपासून ऐरोलीच्या आयटी पार्कपर्यंत एक समज पक्का आहे: गेम लूपच्या (दर फ्रेमला पुन्हा फिरणाऱ्या कोडच्या) शेवटी स्लीप(१६), म्हणजे ‘१६ मिलिसेकंद थांब’ ही आज्ञा, टाकलं की ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं), मिळतात. सेकंदाचे १००० मिलिसेकंद भागिले ६० म्हणजे १६.६७, झालं!

नाही होत. अपडेट आणि ड्रॉइंगला ६ मिलिसेकंद लागले, तर लूपची एक फेरी २२ची. हाती जेमतेम ४५ फ्रेम. त्यात स्लीप नेमका नसतोच. विंडोजचा टायमर एरवी १५.६ मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी चालतो. ठाणे स्टेशनसारखंच, लोकल चुकली की पुढचीच. १६ मागितले तर ३१ही जातात.

त्यापेक्षा पुढच्या फ्रेमची वेळ ठरवा, उरलेलाच वेळ थांबा, मग ती वेळ १६.६७ने पुढे सरकवा. आणि हालचाल फ्रेमवर नको, सरलेल्या वेळेवर मोजा. नाहीतर १४४ हर्ट्‌झच्या (सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणाऱ्या) स्क्रीनवर गेममधली गाडी उधळते.